दोष नाही

समोरच्या शिंपीणकाकू म्हणायच्या, "हिच्या घरात आरसा कशाला लागतो कोण जाणे. सकाळी बघितलं काय नि संध्याकाळी बघितलं काय, तेच." तळमजल्यावर कुलपं दुरुस्त करणारे म्हातारे होते. त्यांनी आयुष्यात नाना तऱ्हेची कुलपं उघडली होती, पण हे एक आपल्याला जमायचं नाही, असं ते मावशी जिन्यातून उतरताना मोठ्यानं बोलत. मावशीच्या तोंडावर बसलेली माशी उडायची तर माशीलाच कंटाळा यायला हवा, हे मत सगळ्या इमारतीचं. आणि तिची नोकरी काय आहे हे ज्यांना ठाऊक होतं, ते आवाज थोडा खाली आणून सांगत, की रोज सकाळी कामावर बसून पिणारी बाई आहे, चढलेली दिसू नये म्हणून तोंड असं बांधून फिरते.

यातलं शेवटचं खोटं होतं. बाकीच्याबद्दल मला तसं म्हणता येणार नाही.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. बियरच्या एका मोठ्या कारखान्यात ती चाखण्याचं काम करत असे. कॉलेजच्या शिक्षणासाठी मी गाव सोडलं, तेव्हा तिच्या घरी राहिलो, आणि नोकरी लागल्यावर त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर खोली घेतली. त्यामुळे तिचा चेहरा मी इतरांपेक्षा अधिक काळ आणि अधिक जवळून पाहिला. त्यात पाहण्यासारखं काही नसे, हेही तितकंच खरं.

माझ्या आईला मात्र याचं नवल वाटायचं. तिच्या आठवणीतली बहीण निराळी होती. गावात कोणत्या विहिरीचं पाणी आहे हे ती लहानपणी डोळे मिटून ओळखायची, आणि पाहुणे आले की माझी आईच तिच्या हातात लिंबाची फोड द्यायची. ती फोड चोखताना तिचा एक डोळा मिटे, नाक कपाळाला भिडू बघे, मान खांद्यात जाई. घरातली माणसं हसून हसून भिंतीला टेकत. "हिच्या पोटातलं ओठांवर यायच्या आधी भुवईवर यायचं," असं आई म्हणे, आणि पुढं म्हणे, "शहरानं तिला काय केलं गं बाई."

ते शहरानं केलं नव्हतं. एका टेबलानं केलं होतं.

चाखण्याची खोली कारखान्याच्या मागच्या अंगाला, भट्टीच्या वासापासून दूर होती. मी एकदाच आत जाऊन पाहिली. लाकडी कप्पे, प्रत्येकात एक स्टूल, वर लाल दिवा. लाल उजेडात बियरचा रंग कळत नाही, आणि रंग कळला की जीभ आळशी होते. भिंतीतल्या लहान झडपेतून झाकण घातलेले तीन ग्लास आत सरकत. दोहोंत एकच बियर, तिसऱ्यात वेगळी. वेगळी कोणती ते ओळखायचं आणि तिच्यात दोष असेल तर त्याचं नाव सांगायचं. वाइन चाखणारे थुंकतात. बियर गिळावी लागते, कारण तिचा कडूपणा घशाच्या तोंडाशी कळतो. म्हणून घोट लहान घ्यायचा आणि ग्लास कधीही रिकामा करायचा नाही, हा तिथला दंडक होता. उरलेली बियर मोरीत जाई. ही सवय मावशीबरोबर घरी आली होती. तिच्या चहाच्या कपात तळाशी घोटभर चहा राहायचा, पाण्याच्या भांड्यात पाणी राहायचं. शिंपीणकाकूंना वाटे, ती भुताचा वाटा ठेवते.

कामावर जाणाऱ्याला केसांना तेल, अंगाला सुगंधी साबण, तोंडाला पावडर यांतलं काही चालत नसे. सकाळच्या खाण्यात कांदा नाही, तिखट नाही. तिच्या अंगाला कसलाच वास नव्हता. तिच्या मुलानं लहानपणी एकदा मला विचारलं होतं, "दादा, बाकीच्यांच्या आयांना वास असतो ना रे? आमच्या आईला का नाही?" मी त्याला काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं.

आणि त्या खोलीत 'चांगली' हा शब्द नव्हता. आवडीनिवडीशी तिथं कोणाला कर्तव्य नव्हतं. बियरमध्ये दोष असे किंवा दोष नसे. दोषांना नावं होती: भिजलेला पुठ्ठा, उकडलेला मका, लोणी, दवाखान्याची पट्टी. सर्वांत वाईट दोष आंबटपणा, कारण आंबट बियर म्हणजे टाकीत जंतू शिरले, टाकी नीट धुतली गेली नाही. यांतलं काही नसलं, की चाखणारा दोन शब्द बोले: "दोष नाही." कारखान्यात यापेक्षा मोठी शाबासकी कोणाला मिळाली नाही.

कप्पे नंतर आले. मावशी नवी लागली, तेव्हा सगळे चाखणारे एका लांब टेबलाभोवती बसत. त्या काळात तिला दिवस गेले होते, आणि ते अजून घरातही कोणाला सांगितलेलं नव्हतं. एका सकाळी तिनं पहिला घोट घेतला आणि पोटातून मळमळ वर आली. तिचा चेहरा पिळवटला. लिंबाच्या फोडीचा तोच चेहरा, फक्त हसू वजा. शेजारच्या ज्येष्ठ चाखणाऱ्यानं तो पाहिला. त्याला आधी काही खटकलं नव्हतं. त्यानं पुन्हा घोट घेतला, आणि या वेळी त्याला आंबट लागलं. त्याच्या पलीकडच्यालाही लागलं. जिभेला जे शोधायला पाठवावं ते ती घेऊन येते. टेबलाच्या त्या टोकापर्यंत सगळ्यांनी एकच दोष सांगितला. मावशीनं स्वतः "दोष नाही" असं सांगितलं होतं, पण तोवर तिचा चेहरा बोलून गेला होता आणि तो तिच्यापेक्षा मोठ्यानं बोलला होता.

त्या टाकीतली बियर त्याच दुपारी गटारात ओतली. टाकी धुण्याचं काम ज्याच्याकडे होतं, त्या टाकीवाल्याला कामावरून काढलं. नंतर प्रयोगशाळेतून उत्तर आलं, की बियरमध्ये काहीही वाईट नव्हतं. ओतलेली बियर आणि काढलेला माणूस, दोन्ही परत आणण्याची पद्धत कारखान्यात नव्हती. पुढच्या महिन्यात टेबल गेलं आणि कप्पे आले. पहिला नियम लिहून लावला, की चाखताना चेहरा हलता कामा नये.

टाकीवाला मागच्याच गल्लीत राहायचा. गावाकडे परत निघाला, तेव्हा हातगाडीवर कपाट आडवं घातलेलं, त्यावर गाद्या, गाद्यांवर एक मुलगी. मावशी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. त्यानं वर पाहिलं, हात केला आणि म्हणाला, "येतो हं वहिनी." कोणाच्या चेहऱ्यामुळे आपल्या पोटावर पाय आला, हे त्याला माहीत नव्हतं.

हे मला काकांनी सांगितलं. काका म्हणजे मावशीचे यजमान, त्याच कारखान्याच्या कँटीनचे स्वयंपाकी. त्यांनी बटाटे सोलता सोलता सगळं सांगितलं, आणि सुरी माझ्याकडे रोखून म्हणाले, "पोराला यातलं काही कळता कामा नये. त्याच्यामुळे मळमळ झाली, मळमळीमुळे एक घर उठलं. जन्माला यायच्या आधीच त्याच्या खात्यावर हे कशाला? तिनं मला शपथ घातलीय, मी तुला घालतो."

"मग मावशी तेव्हापासून..."

"तेव्हापासून तोंड बंद. कुलूप घातलं आणि किल्ली फेकली बघ. मला काही अडत नाही. मी तिच्या तोंडाकडे बघतोच कशाला? मी ताट बघतो."

काकांचं हे म्हणणं शब्दशः खरं होतं. घरचा स्वयंपाकही तेच करत, आणि वाढल्यावर मावशीसमोर बसून तिच्या ताटावर नजर ठेवत. ती सवयीनं थोडं उरवायचीच. ते किती उरलं, कोणत्या बाजूला सारलं, कशाला पहिल्यांदा हात घातला, यावरून काकांना हवं ते सगळं कळायचं. चिमूटभरच उरलं असलं, की ते ताट उचलताना शीळ घालत. कोणी विचारलं, काय म्हणतोय संसार, तर डोळे मिचकावून सांगत, "दोष नाही!" आणि आतून मावशीचा आवाज येई, "गॅस बारीक करा."

त्यांचा मुलगा मात्र ताट वाचायला शिकला नाही. तो लहानपणी कारखान्याच्या आवारातून बाटल्यांचे बिल्ले गोळा करायचा, म्हणून त्याला सगळे बिल्ल्या म्हणत. बिल्ल्या शाळेतून धावत यायचा, दप्तर खाली न ठेवता आईसमोर उभा राहायचा आणि तिच्या चेहऱ्याकडे बघायचा. चित्र काढलं, बक्षीस मिळालं, गुडघा फुटला, सायकल चालवता आली. दर वेळी तोच थांबा, तीच वाट बघणं. मावशी बघायची, गुडघा धुवायची, चित्र भिंतीला लावायची. "ठीक आहे" म्हणायची. बिल्ल्या थोडा वेळ उभा राहून खेळायला जायचा. पुढं पुढं तो मुद्दाम काही तरी फोडू लागला. त्यानंही काही झालं नाही. मावशीनं काचा गोळा केल्या.

काका गेले ते एका सकाळी, कँटीनमध्येच, पातेल्याला हात लावलेला असताना. घरी माणसं जमली. दुःख करायला आलेली माणसं होती, पण त्यांच्या नजरा वळून वळून मावशीच्या तोंडाकडे जात होत्या. आज तरी. शिंपीणकाकू तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "रड गं बाई, मोकळी हो." मावशी भिंतीला टेकून बसली होती. बिल्ल्या तेव्हा मिसरूड फुटलेला तरणाबांड मुलगा. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "आई, बाबा गेले."

"हो. कळलं."

"आई."

"त्यांच्या कामाच्या चपला कँटीनमध्ये राहिल्यात. आणायला सांग कोणाला तरी."

बिल्ल्या उठला, आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यानंतर त्या घरात तो कधी पूर्ण पाय टेकून बसला नाही. मावशीच्या ताटात त्या दिवसापासून जे उरू लागलं, त्यावर नजर ठेवणारं कोणी राहिलं नव्हतं.

पुढं त्यानं लग्न केलं. सून दातांच्या दवाखान्यात काम करते. बोलायला मोकळी, हसरी. एका मित्राला बरोबर घेऊन बिल्ल्यानं बंद पडलेल्या धुलाई कारखान्याची शेड घेतली आणि तिथं स्वतःची लहान भट्टी सुरू केली. हल्ली अशा लहान भट्ट्या निघाल्या आहेत, जिथं मोठ्या कारखान्यांत दोष मानल्या जाणाऱ्या गोष्टी हौसेनं केल्या जातात. रविवारी तासभर तो मावशीकडे येई. दोघं समोरासमोर बसत. तो सांगे, ती ऐके. येताना जिना चढण्याचा त्याचा आवाज आणि जाताना उतरण्याचा, यांत खूप फरक असे.

एका शनिवारी त्यानं मला शेडवर बोलावलं. स्टीलच्या टाक्या, ओल्या फरशीवर पाण्याचे पाइप, कोपऱ्यात हॉप्सची पोती. हॉप्स म्हणजे एका वेलीची वाळवलेली हिरवी फुलं; बियरला कडूपणा आणि वास त्यांचा. बिल्ल्यानं एका टाकीची तोटी उघडून ग्लास माझ्या हातात दिला. "पी, दादा."

मी घोट घेतला. पहिल्या क्षणी काही नाही, फक्त थंड. मग जिभेच्या दोन्ही कडा आत ओढल्या गेल्या, गालफडं एकमेकांना भेटायला निघाली. लिंबाहून धारदार आणि लिंबाचा गोडवा कुठंच नाही, असा आंबटपणा. त्यातून सावरतो तोच वास आला, चुरडलेल्या पाल्याचा आणि संत्र्याच्या सालीचा, फार सुंदर. आणि त्या वासावर विश्वास ठेवून गिळलं, तर घशाशी कडू येऊन उभं राहिलं. आंबट आणि कडू यांना एका घोटात राहायला सांगितलं, की भांडण जिभेवर होतं. माझा डोळा मिटला, मान खांद्यात गेली.

"हाच! हाच चेहरा!" बिल्ल्या टाळी देत ओरडला. त्यानं मला भिंतीकडे नेलं. तिथं फोटो लावले होते. मित्र, मित्राचे वडील, पाइप बसवणारा, वीजवाला, सून. प्रत्येकाचं तोंड पहिल्या घोटाला वाकडं झालेलं. सून म्हणत होती, "हिच्या जोरावर आमच्या दवाखान्याला गिऱ्हाइकं मिळणार बघा." सगळ्या फोटोंच्या मधोमध एक जागा मोकळी होती.

"ती आईची," बिल्ल्या म्हणाला. त्याचं हसू हळूहळू उतरलं. "दादा, ही पिऊन ज्याचं तोंड वाकडं झालं नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही. विकेन मी ही, चालेलही. पण केलीय तिच्यासाठी. चार वेळा आंबवून टाकून दिली, आंबट पुरेसं येईना. मला एकदा बघायचंय. तिचं हसू नको, कौतुक नको. वाकडं तर वाकडं. आत कोणी आहे का, एवढंच."

"आणि नाही झालं तर?"

तो तोटीला लागलेला फेस पुसत राहिला. "तर मी येणं बंद करीन. घर बंद असलं तर माणूस किती दिवस कडी वाजवतो?"

दुसऱ्या दिवशी तो सकाळी अकराच्या सुमारास आला. चाखणाऱ्याची जीभ त्या वेळी सर्वांत जागी असते, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. बरोबर सून होती, मला त्यानं आधीच बसवून ठेवलं होतं, आणि दार उघडं दिसल्यामुळे शिंपीणकाकू आपोआप आल्या.

"कसला कार्यक्रम आहे रे?"

"आईची परीक्षा आहे, काकू. तुम्हीही द्या."

"मी? या वयात? चमचाभर दे."

बिल्ल्यानं सगळ्यांना ओतलं. शिंपीणकाकूंनी घोट घेतला, दोन्ही हात गालांवर धरले आणि खुर्चीत मागं कोसळल्या. "अगं आई गं! बिल्ल्या, मेल्या, हे प्यायचं का यानं भांडी घासायची? माझी कवळी सुटली असती!" सून हसून लोटपोट झाली. मीही हसलो. एक क्षण त्या खोलीत, काकांच्या काळानंतर प्रथमच, गलका झाला. मग तो आपोआप ओसरला, आणि सगळे मावशीकडे बघू लागले.

मावशीनं ग्लासावर तळहात झाकला, गोल फिरवला, हात काढून वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. बिल्ल्या तिच्यासमोर स्टूल ओढून बसला होता. गुडघा फुटला की बसायचा तसाच, तेवढ्याच अंतरावर. तिनं घोट घेतला. जिभेवरून फिरवला. गिळला.

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, आणि मला सांगितलंच पाहिजे, की मी एखाद्या चमत्कारासाठी श्वास धरून होतो. काहीही झालं नाही. पापणीसुद्धा नेहमीच्या वेळी लवली.

"आंबट आधी येतं," मावशी म्हणाली. "मग फुलांचा वास. कडू शेवटी, घशाशी. आंबवून घेतलंस, उकळलंस, आणि हॉप्स अगदी शेवटी टाकलेस."

"हो."

"टाकी कोणी धुतली?"

"मी."

"तू स्वतः?"

"मीच, आई. का?"

मावशीनं आणखी एक घोट घेतला. "दोष नाही," ती म्हणाली.

बिल्ल्या हसला. ते हसू ऐकून सुनेनं त्याच्या दंडाला हात लावला. "दोष नाही," तो म्हणाला. "मी पहिला आलो तेव्हा दोष नाही. माझं लग्न, दोष नाही. बाबांना खांद्यावर घेऊन आम्ही जिना उतरलो, तेव्हाही दोष नव्हताच ना, आई?"

"अहो, असं काय," सून हळूच म्हणाली.

"नाही, बरोबर आहे तिचं. तपासणी झाली. शिक्का मिळाला. चला."

तो बाटल्या पिशवीत भरू लागला. काच काचेवर आपटत होती. बिल्ल्या दाराशी जाऊन पाठमोरा वाकून बूट घालू लागला. मावशी त्याच्या पाठीकडे बघत होती.

"बाटल्या उन्हात ठेवू नकोस," ती म्हणाली. "उजेडानं वास बिघडतो."

"माहितेय," तो नाडी बांधता बांधता म्हणाला.

आणि तो खाली बघत असतानाच मावशीनं ग्लास उचलला आणि बियर प्यायली. चाखली नाही, प्यायली. घशाची हालचाल दिसत होती, एकामागून एक. तिनं ग्लास पूर्ण कलता केला, तळाचा फेस ओठांवर येईपर्यंत, आणि मग तो टेबलावर ठेवला. रिकामा. मी तिच्या घरी राहायला आलो तेव्हापासून तिच्या हातून रिकामा झालेला तो पहिला ग्लास. मी सुनेकडे पाहिलं, सुनेनं माझ्याकडे. तिनं पुढं होऊन काही बोलायला तोंड उघडलं, पण बिल्ल्या सरळ झाला होता, त्यानं एकवार आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिथं अर्थातच काही नव्हतं, आणि तो जिना उतरून गेला. सुनेला मागोमाग जावं लागलं.

त्यानं बोलल्याप्रमाणे केलं. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मावशीचा फोन तो उचलत नसे. सून उचलायची, कामात आहेत म्हणायची. मी शेडवर गेलो. आंबट बियर जोरात चालली होती. गिऱ्हाइकं दारात उभी राहून एकमेकांच्या तोंडाचे फोटो काढत होती. भिंत पार भरली होती. मधली जागा मी शोधली. तिथं कोणी तरी अनोळखी जाडा माणूस जीभ बाहेर काढून उभा होता.

मी बिल्ल्याला बाजूला घेतलं. "तू बूट घालत होतास तेव्हा तिनं ग्लास रिकामा केला. तळापर्यंत. तू तिला कधी काही संपवताना बघितलंयस? आठव."

त्यानं पाइप गुंडाळण्याचं काम थांबवलं नाही. "ऊन होतं त्या दिवशी," तो म्हणाला. "तहान लागली असेल."

टाकीवाल्याची गोष्ट माझ्या ओठांवर आली होती. पण ती सांगायची तर सुरुवात त्याच्यापासून, त्याच्या जन्माआधीच्या त्या मळमळीपासून करावी लागली असती, आणि तेवढ्यासाठीच तर मावशी-काकांनी मिळून तोंडं शिवून घेतली होती. त्याला ती गोष्ट दिली असती तर आई मिळाली असती का, याची मला खात्री नव्हती. एक हातगाडी मात्र नक्की मिळाली असती. मी परत आलो. रिकाम्या ग्लासाचं सुनेनंही त्याला आधीच सांगून पाहिलं होतं, असं नंतर कळलं. तिलाही तहानेचंच उत्तर मिळालं होतं.

मावशी तोवर निवृत्त झाली होती. तेल, साबण, कांदा, सगळ्याची मोकळीक होती, आणि आठवड्यातले सहा दिवस मावशी ती घेतही होती. रविवारी मात्र नाही. रविवारी सकाळी ती कोरा पाव आणि पाणी, एवढ्यावर राहायची, दुपारपर्यंत. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला वाटलं, पोट बिघडलं असेल. मग कळलं, की ती जीभ कोरी ठेवते आहे. अकरा वाजण्याच्या सुमारास ती टेबलाशी येऊन बसे. दार उघडं असे. जिन्यात कोणाची पावलं वाजली, की ती टेबल हातानं पुसायची. पावलं वर निघून जात. बहुतेक वेळा ती माझीच असत, म्हणून मी रविवारी सकाळी बाहेर पडणं सोडलं.

असं बरेच महिने चाललं. मग एका रविवारी मी खाली उतरलो, तर मावशी सकाळीच पावाबरोबर कच्चा कांदा खात बसली होती. मोठा, चार फाका केलेला. दार ओढून घेतलेलं होतं. मी समोरची खुर्ची ओढून बसलो.

शिंपीणकाकूंना मात्र ते बघवलं नाही. त्या दार ढकलून आत आल्या, तिच्या शेजारी बसल्या, कांद्याच्या वासानं नाक मुरडलं, आणि इतके महिने पोटात ठेवलेलं एकदाचं बोलून मोकळ्या झाल्या.

"तुला एक विचारू? राग मानू नकोस. मानलास तरी आम्हाला कळणार कसं म्हणा. एवढं पोरगं हौसेनं घेऊन आलं होतं. आमची सगळ्यांची तोंडं झाली की नाही माकडासारखी? तुझं एकदा झालं असतं. खोटं तर खोटं. डोळा मिटायचा, नाक मुरडायचं, झालं! नाटक करायला काय लागतं गं? तेवढ्यानं तुझा मुलगा आज इथं बसला असता. काय बिघडलं असतं तुझं, जरा तोंड वाकडं केलं असतंस तर?"

मावशीनं हातातली कांद्याची फाक ताटात ठेवली. शिंपीणकाकूंकडे पाहिलं, त्याच चेहऱ्यानं, ज्यानं ती दूधवाल्याकडे आणि काकांच्या प्रेताकडे पाहत आली होती.

"बियर चांगली होती," ती म्हणाली. "चांगल्या बियरला तोंड वाकडं कशाला करू?"